कवठबोडीचा रस्ता

फोन वसंताच्या नंबरवरून आला होता, म्हणून उचलल्या उचलल्या मी सुरूच झालो. "काय बे, कुठं मेला होता मागच्या रविवारी? नागपूरवाले येऊन वाट पाहून गेले!" दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, माझ्या एका हातात खोकल्याची बाटली, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये दाबलेला. पलीकडून वहिनी बोलल्या, "भाऊजी… मी बोलून राहिली." त्याच्या फोनवरून वहिनी कधी बोलत नसत. मला तेवढ्यानंच कळलं. तरी मी मूर्खासारखं विचारलं, "वसंता कुठं आहे?" सकाळी दुकानाचं शटर वर करता करता तो खाली बसला होता. पवनीच्या दवाखान्यात आणेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्या गिऱ्हाइकानं माझ्या हातातली बाटली हळूच काढून घेतली आणि पैसे काउंटरवर ठेवून निघून गेलं.

गणपती बसायच्या आधीची ही गोष्ट. आता धान कापणीला आलं आहे. इतके दिवस लिहायचं लिहायचं म्हणत होतो आणि जीवावर येत होतं. माणूस गेला की त्याच्याबद्दल चार बरे शब्द लिहायचे ही रीत मला ठाऊक आहे, पण वसंताबद्दल लिहायचं म्हणजे आधी त्याच्यावर चिडावं लागतं. तो गेला तो गेला, आणि जाताना मला एका भानगडीत अडकवून गेला. ती भानगड निस्तरेपर्यंत मला रडायलाही सवड मिळाली नाही.

आमची ओळख शाळेतली. तो कवठबोडीहून पवनीच्या शाळेत सायकलनं यायचा. बापाची जुनी काळी सायकल, दांडीखालून पाय घालून चालवायचा. मी गावातला, शाळा घराला लागून, तरी रोज उशिरा पोचणारा. तो मात्र घंटेच्या आधी हजर, घामानं निथळलेला, डब्यात लाखोळीच्या डाळीचं काहीतरी. कवठबोडी वैनगंगेच्या काठाला होती. "होती" लिहितो, कारण ती आता पाण्याखाली आहे. धरण झालं, पाणी मागे मागे सरकत आलं आणि ज्या गावांना उठावं लागलं त्यांत कवठबोडी एक. लोकांना इकडे वरच्या अंगाला नवीन गावठाण मिळालं. सरळ सरळ गल्ल्या, नंबर घातलेले प्लॉट. नाव मात्र तेच दिलं, कवठबोडी. त्या नावानं पुढं जो गोंधळ घातला, त्यातूनच वसंताचं सायकलवालं प्रकरण सुरू झालं.

झालं असं. पाणी साचलं तशी पाखरं आली. हिवाळ्यात परदेशातली बदकं, उन्हाळ्यात काठाकाठानं बगळे, घोंघल्या, नशीब असलं तर एखादी सारसाची जोडी. पलीकडे जंगल आहेच. पाणी आणि जंगल यांच्या मधल्या पट्ट्यात अभयारण्याच्या पाट्या लागल्या, आणि पाट्या लागल्या की शहरातली माणसं येतात. नागपूरहून रविवारी सायकलवाले येऊ लागले. त्या चपट्या टोप्या, अंगाला घट्ट कपडे, बारीक चाकांच्या सायकली. मोबाइलवर "कवठबोडी" टाकायचे आणि मोबाइल त्यांना जुन्या कवठबोडीला न्यायचा. मोबाइलला काय माहीत गाव उठलं म्हणून! डांबरी रस्ता सरळ पाण्यात उतरायचा आणि हे लोक काठावर उभे राहून एकमेकांची तोंडं पाहायचे. मग फिरून फिरून नव्या गावात वसंताच्या किराणा दुकानात पाणी मागायला यायचे. एकदा, दोनदा, तीनदा… वसंता वैतागला. "अबे, याहीले कोणीतरी रस्ता दाखवाले पाह्यजे," असं म्हणून त्यानं नागपूरहून एक वापरलेली गिअरची सायकल आणली. आणि मला साखर निघाली होती, तर माझ्याही गळ्यात एक बांधली.

मी औषधं विकतो, मला व्यायामाचा तिटकारा आहे. पहिल्या महिन्यात मला नीट बसता येईना. वसंता मागून ओरडायचा, "पाय मार बे सुधाकर, म्हशीसारखा काय रेंगाळून राहिला!" आणि मी शिव्या देत पाय मारायचो. पण खोटं कशाला बोलू, त्या रस्त्यांची चटक लागली. एक रस्ता जुन्या मालगुजारी तलावाच्या पाळीवरून जायचा. एका बाजूला कमळं, दुसऱ्या बाजूला खाली धानाच्या बांध्या, आणि पाळ इतकी अरुंद की समोरून बैलगाडी आली तर सायकल उचलून डोक्यावर धरायची. एक जंगलाच्या कडेनं मोहाच्या झाडांखालून निघायचा, तिथं वसंता कोणाला थांबू द्यायचा नाही, कारण वाघाचे पायठसे त्यानं स्वतः पाहिले होते. परतताना पाण्यावरचा वारा नेमका तोंडावर यायचा आणि नागपूरवाले पोरंपोरी रडकुंडीला यायची. वसंता त्यांना पुढं घालून स्वतः मागं राहायचा. त्याचे नियम कडक होते. पाखरं दिसली की उतरायचं नाही, रस्ता सोडून खाली पाय टाकायचा नाही, घंटी वाजवायची नाही. एकदा एका मोठ्या साहेबानं फोटोसाठी बदकांच्या थव्यात दगड मारला, उडाली की फोटो चांगला येतो म्हणून. वसंतानं त्याला सगळ्यांसमोर सायकलीवरून उतरवलं. "साहेब, तुमच्या घरी येऊन मी भांडे वाजवू का?" असं विचारलं आणि गटातून काढून टाकलं. तो साहेब पुन्हा आला नाही, आणि त्याची कोणाला उणीवही भासली नाही.

पण प्रत्येक फेरीच्या शेवटी, लोक पांगले की, वसंताला एक शेवटचा रस्ता करायचाच असे. जुन्या कवठबोडीचा. आम्ही दोघं उतारावरून जायचो, पाणी लागलं की थांबायचो. पावसाळा-हिवाळ्यात पाणी पार वरपर्यंत असायचं. उन्हाळ्यात ते उतरायचं, रस्ता थोडा थोडा बाहेर यायचा. कधी जुना पूल दिसायचा, कधी त्याच्या पुढचं वळण. गाव मात्र निघायचं नाही. वसंताला सायकलनं घरापर्यंत जायचं होतं. एवढंच. त्याची दुसरी काही मागणी नव्हती आयुष्याकडे. दरवर्षी वैशाखात तो रोज जाऊन रस्ता पाहून यायचा आणि दरवर्षी रस्ता गावाच्या अलीकडेच संपायचा.

गोमाजी म्हणून त्याच गावचा एक माणूस आता त्या पाण्यात जाळी टाकतो. तो आम्हाला पाहून काठाला डोंगा लावायचा. "या भाऊ, बसा डोंग्यात. तुमच्या घरावर नेऊन सोडतो," असं हसत म्हणायचा. वसंता काही हसायचा नाही. "घरी डोंग्यानं कोणी जाते का बे? पाहुणा हाव का मी? घरी रस्त्यानं जातो आपण." हा संवाद मी इतक्या वेळा ऐकला होता की पुढंपुढं मला त्याचा कंटाळा यायला लागला. मी म्हणायचो, "वसंता, घर नाही राहिलं रे तिथं. छपराचे कवेलू, लाकडं, दारं, सगळं तुम्हीच काढून आणलं न?" तो म्हणायचा, "जोता हाय न." जोतं असेल, उंबरठ्याचा दगड असेल, चुलीचा ओटा असेल. तेवढ्यावर त्याचं भागलं असतं.

हे वेड एकट्याचं नव्हतं. त्याच्या आईचंही होतं. आम्ही सगळे तिला माय म्हणतो. म्हातारी कमरेत वाकली आहे, पण कान शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. नव्या गावठाणाला ती अजून "बसाहत" म्हणते. गाव म्हणत नाही. दर उन्हाळ्यात आम्ही फेरीवरून आलो की ओसरीतून तिचा एकच प्रश्न, "निघाला का रे रस्ता?" आणि वसंताचं एकच उत्तर, "नाई माय. औंदा नाई." मग ती तोंड फिरवून घ्यायची. दिवसभर कोणाशी बोलायची नाही.

मग या वर्षीचा उन्हाळा आला. धरणाचं काही दुरुस्तीचं काम निघालं म्हणे, पाणी बरंच सोडून दिलं. वसंताचा सकाळी सकाळी फोन. "दुकान बंद कर आन् ये." मी म्हटलं, कोणी आजारी आहे का? म्हणाला, "रस्ता निघाला. पुरा निघाला." मी दुकान बंद केलं. खरं सांगतो, मलाही उत्सुकता होतीच.

ऊन मी म्हणत होतं. पुलाच्या पुढं गेलो, वळणाच्या पुढं गेलो, मी तिथं कधी पोचलोच नव्हतो. डांबर कधीचं धुऊन गेलेलं, नुसती गिट्टी आणि मुरूम उरलेला. दोन्ही बाजूंना गाळ, वरून भेगाळलेला, आत पाय जाईल असा. मेलेल्या झाडांची खोडं. आणि पुढं, हाकेच्या अंतरावर, गाव. म्हणजे विटांचे ढीग, एक विहिरीचा कठडा, देवळाचा चौथरा. वसंताचा श्वास मला ऐकू येत होता. आणि तेवढ्यात डोक्यावर टिटव्यांनी कल्ला सुरू केला.

रस्त्यावरच होती अंडी. गिट्टीतच, साध्या खळग्यात, दगडासारखीच दिसणारी. एका ठिकाणी चार, जरा पुढं आणखी, त्याच्या पुढं आणखी. पाणी उतरल्यावर त्या सगळ्या गाळात कोरडी कडक जागा एकच होती, हा रस्ता. एक टिटवी आमच्यावर झेप घालत होती आणि दुसरी अंड्यांवर उभी होती. बसलेली नव्हती, उभी. पंख जरा पसरून, चोच उघडी टाकून. वसंतानं सायकल थांबवली. मी म्हटलं, "उचलून घेऊ सायकली, कडेकडेनं निघून जाऊ. अंड्याला धक्का लागत नाही." तो म्हणाला, "अंड्याले नाई लागत बे. पण आपण तिकडं असू तवर हे पाखरं वरच उडत राह्यतीन. सावली धरून उभी हाय ते. या उनात सावली हटली त अंडे उकडतीन." मी म्हटलं, "अरे दोन मिनिटांत घर पाहून परत येऊ." तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते त्याचे. म्हणाला, "दोन मिनिटांत घरून कोणी परत येते का बे?"

आणि त्यानं सायकल फिरवली. इतक्या वर्षांचा रस्ता, समोर घराचं जोतं, आणि हा माणूस परत फिरला. मला इतका राग आला की वाटेत मी त्याच्याशी बोललो नाही. त्याच्यासाठी आला होता राग. पाखरांना पुढच्या वर्षीही अंडी घालता येतील, हा रस्ता पुन्हा निघेल का? तेव्हाच लोक बोलत होते की दुरुस्ती झाली की यापुढं धरण पुरं भरणार आणि पाणी इतकं खाली कधी जाणार नाही.

घरी पोचलो. मायचा प्रश्न ओसरीत तयारच होता. "निघाला का रे रस्ता?" वहिनींनी मला पाण्याचा गिलास दिला होता. वसंता बाजेवर टेकला आणि म्हणाला, "निघाला माय. घरी जाऊन आलो." माझ्या घशातलं पाणी नाकात गेलं. मी खोकत राहिलो आणि तो सांगत राहिला. उंबरठ्याचा दगड आहे, जरा कलला आहे. चुलीचा ओटा आहे. धान साठवायची ढोली जिथं राहायची तिथं कोंडा अजून मातीत दिसतो. मागच्या कवठाचं खोड आहे. माय मध्ये मध्ये विचारत होती, "न्हानीचा दगड?" "हाय न." "अन् जात्याची जागा?" "हाय माय, सारं हाय." म्हातारीनं त्या दिवशी दोनदा भात मागून घेतला. गल्लीत जाऊन चार घरी सांगून आली, माझा वसंता सायकलनं घरी जाऊन आला म्हणून. मी त्याला बाहेर गाठलं. "काय गरज होती बे?" तो म्हणाला, "टिटवीच्या अंड्यापायी दारातून परतलो असं सांगतलं असतं त तिनं मले जल्मभर येड्यात काढलं असतं. जाऊ दे न. खाऊन राहिली पोटभर." मग माझा खांदा दाबून म्हणाला, "तोंड उघडू नको." पावसाळा लागला, पाणी चढलं, रस्ता परत गेला. आणि त्याच पावसाळ्यात तोही गेला.

राख सावडली तेव्हा गावातली सगळी पुरुष मंडळी पवनीच्या घाटावर जायला निघाली. माय वाटेत आडवी आली. तांब्याएवढ्या गडव्यात तिनं स्वतःच्या हातानं मूठभर अस्थी काढून घेतल्या आणि वर फडकं बांधलं. "हे घाटावर नाई जात. हे घरी जाईन." कोणाला काही समजेना. मी समजावलं, "माय, ते पाणी आणि हे पाणी एकच आहे. वैनगंगाच आहे न ती?" ती म्हणाली, "नदी वाहाते रे. हे पाणी वाहाते का? हे माह्या घरावर बसून हाय." मग गोमाजीनं डोंग्यानं नेतो म्हटलं. तर त्याच्यावर कडाडली, "डोंग्यानं काहून? माहा पोरगा रस्त्यानं जाऊन आला. त्याले रस्त्यानंच नेन. उनाळ्यात निघते न रस्ता? तवा नेन." आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हा होता संग. याले ठावं हाय वाट. हा नेन सायकलनं."

झालं! सगळं गाव माझ्याकडे पाहून मान हलवत होतं. अस्थी घरात ठेवत नाहीत म्हणून तो गडवा अंगणातल्या बोरीच्या फांदीला बांधला. तेरवी झाली, पाहुणे गेले, गडवा तिथंच. दिवसामागून दिवस गेले. मी जायचो तेव्हा त्या बोरीकडे पाहायचं टाळायचो. एक दिवस वहिनी मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, भांडे घासाले बसली का समोरच दिसते मले तो. वारा आला का हालते. उनाळ्यापर्यंत मी काय करू सांगा?" त्यांच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. बाई झोपत नव्हती. उन्हाळ्यात रस्ता निघणार नाही हे मला दिसत होतं. येत्या वर्षी नाही आणि कदाचित कधीच नाही. आणि वसंता ज्या रस्त्यानं "जाऊन आला", त्या रस्त्यानं तो घरापर्यंत गेलाच नव्हता हे फक्त मला माहीत होतं. वसंतानं मला तोंड उघडू नको म्हटलं होतं, आणि त्याचं तोंड तर कायमचं बंद झालं होतं. रात्र रात्र मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडलो. बायको म्हणायची, एकटेच काय पुटपुटता?

शेवटी दिवाळीच्या अलीकडे एका दुपारी मी गेलो. फार थकलो होतो, त्याहून जास्त थकणं होणार नव्हतं. माय ओसरीत उकडलेले शिंगाडे सोलत बसली होती. वहिनी तिच्या शेजारी. मी पायरीवर बसलो आणि काही प्रस्तावना न करता सांगून टाकलं. "माय, वसंता त्या दिवशी घरापर्यंत गेला नव्हता. आम्ही अलीकडूनच फिरलो."

तिचा चाकू थांबला नाही. "काहून? गाळ होता का?"

"नाही. रस्ता चांगला होता. रस्त्यावर अंडी होती."

"कायचे?"

"टिटवीचे."

आता मात्र चाकू थांबला. टिटवी म्हणजे आमच्याकडे अवलक्षणी पाखरू. घरावरून ओरडत गेली तरी बाया थू थू करतात. माय माझ्याकडे पाहत राहिली. "टिटवीपायी? माहा पोरगा दारातून टिटवीपायी परतला?" तिचा आवाज चढला. "अन् मले सांगतलं जाऊन आलो! चुलीचा ओटा हाय म्हनला… जात्याची जागा हाय म्हनला…" वहिनींनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं झटकला. मी खाली मान घालून बसलो. वाटलं, आता ही मला हाकलते. हाकलू दे. निदान सांगून झालं होतं.

चाकू खाली ठेवून तिनं विचारलं, "बसून होती का ते अंड्यावर?"

"नाही माय. उभी होती. ऊन होतं न, तर सावली धरून उभी होती. वसंता म्हणाला, आपण गेलो तर सावली हटेल."

मायनं शिंगाड्याची टोपली हातानं बाजूला सारली. मग बोलली ती माझ्याशी नाही, समोरच्या अंगणाशी बोलल्यासारखी. "गाव उठलं तवा वसंत्याचा बाप खाटेवर होता. हालवता येत नोहता. कवेलू उतरवून झाले होते, लाकडं काढून झाले होते, घरावर काहीच नोहतं. टरक सकायी येनार होता, दुपार झाली तरी आला नाई. वैशाखाचं ऊन. मंग मी लुगड्याचा पदर असा दोन्ही हातानं धरला…" तिनं हात वर करून दाखवलं, "असा, अन् त्याच्या तोंडावर सावली धरून उभी राहिली. टरक येतवर. वसंत्या म्हने, माय, दे माह्याजवळ, मी धरतो. मी नाई दिला. त्यानं पाह्यलं होतं सारं."

वहिनी रडायला लागल्या. मला हे कधीच माहीत नव्हतं. शाळेपासूनचा मित्र माझा, पण हे त्यानं मला कधी सांगितलं नाही. त्या दिवशी रस्त्यावर त्याला नेमकं काय आठवलं, की काही आठवलंच नाही आणि तो नुसता फिरला, हे मी आता कोणाला विचारू?

मायनं पदरानं तोंड पुसलं. "बरं केलं त्यानं," एवढंच म्हणाली. आणि मग नेहमीच्या हुकमी आवाजात, "गोमाजीले सांग. डोंगा आन म्हनाव. मी येतो संग."

म्हातारीला डोंग्यात बसवणं म्हणजे काय काम होतं ते विचारू नका. मी आणि गोमाजीनं तिला दोन्ही बगलांत धरून उचललं, तर ती आम्हालाच ओरडत होती, "हळू बे, पोतं हाव का मी?" वहिनी तिच्या शेजारी बसल्या. गडवा मायच्या मांडीत. मी वसंताच्या त्या शब्दाखातर काठावरच थांबणार होतो, घरी डोंग्यानं जात नाहीत म्हणून. पण मायनं दरडावलं, "बस." बसलो. थंडीची बदकं नुकती उतरू लागली होती. आम्ही जवळ गेलो की जरा बाजूला पोहत जायची. त्या पाण्याखाली कुठंतरी तो पूल होता, ते वळण होतं. गोमाजी बरंच आत गेला आणि बांबू रोवून थांबला. "इथंच कुठंतरी, माय. अंदाजानं." मला वाटलं ती वाद घालेल, घर इकडं की तिकडं. तिनं काही वाद घातला नाही. फडक्याची गाठ तिला सुटेना, वहिनींनी सोडून दिली. तिनं वाकून पाण्यात हात बुडवला, ओला हात डोळ्यांना लावला आणि गडवा उलटा केला. "घे," ती म्हणाली. "आलं तुहं घर. आता राय. आमी जातो." आणि गोमाजीला म्हणाली, "चाल."

काठाला येता येता मी रडलो. इतक्या दिवसांचं साचलेलं होतं. म्हातारीनं माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या, लहान पोराला मारतात तशा, आणि मग उतरताना पुन्हा आम्हाला शिव्या दिल्या.

रविवारच्या फेऱ्या आता मीच काढतो. नागपूरवाले येतात, आणि मोबाइल अजून त्यांना पाण्याकडेच नेतो. मला वसंतासारखं बोलता येत नाही, पाखरांची नावं चुकतात, परतीच्या वाऱ्यात सगळ्यांत मागं मीच असतो. दम लागतो. कशाला करतो हे सगळं, असं दर रविवारी वाटतं आणि पुढच्या रविवारी पुन्हा सायकल काढतो. परतताना वसंताच्या घरी चहा होतो. त्याच्या ओसरीच्या भिंतीला, दाराच्या उजव्या हाताला, चुन्यावर एक काळपट डाग आहे. तो रोज तिथं सायकल टेकवायचा, हँडलाच्या मुठीनं पडलेला डाग. तो गेल्यापासून त्या जागी कोणी काही ठेवलं नाही, झाडूसुद्धा नाही. मी माझी सायकल बाहेर विजेच्या खांबाला लावायचो. मागच्या रविवारी लावतच होतो, तर आतून माय ओरडली, "खांबाले कायले लावतं रे? पाडन एखादं ढोर. इकडं आन, भितीले लाव. जागा हाय न!" मी सायकल ढकलत आत आणली आणि भिंतीला टेकवली. माझं हँडल त्या डागाच्या जरा खाली टेकलं.